लग्नासाठी एक झूम की दोन प्राइम?

तुळशीचं लग्न जवळ आलं की दरवर्षी कोणीतरी विचारतं: कॅमेऱ्याची बॉडी एकच आहे, लेन्सवर पैसे एकदाच घालायचेत, तर २४-७० मिमी एफ २.८ झूम घेऊ की ३५ आणि ८५ मिमी असे दोन एफ १.८ प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्स? (मिमीचा आकडा मोठा तितकं दृश्य जवळ येतं; एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त आणि स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद.) मी दोन्ही वापरलं. आधी प्राइम, मग झूम.

प्राइमवर माझा जीव अजूनही आहे. हळदीला अंगणात नाहीतर गच्चीवर ऐसपैस जागा असते, घाईही नसते. नवरीच्या गालावरची ओली हळद ८५ने काढावी. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन असतं कार्यालयातल्या पिवळट दिव्यांत. तिथे झूमला आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे येतात) ६४०० लागला, तर प्राइमचं २५००च्या आसपास भागतं. सूनमुखाला मात्र जपून. १.८ला आरशाची चौकट तरी स्पष्ट येते, नाहीतर आरशातला चेहरा. पहिल्या वर्षी मी चौकटींचे फार सुंदर फोटो काढले.

बोहल्यापाशी गणित बदलतं. ‘झूम पायांनी करावा’ असं सांगणाऱ्यांनी मंगलाष्टकं काढलेली नसावीत. नवरीमागे मामा, शेजारी करवली, मध्ये अंतरपाट, आणि उरलेल्या जागेत सगळ्या काकांचे मोबाइल. एक पाऊल मागे टाकलं की कोणाच्या तरी पैठणीवर पडतं.

तरी गर्दीचं मी चालवून घेतलं असतं. मला हरवलं अक्षतांनी. तिसऱ्या मंगलाष्टकाला नवरीचे डोळे भरले म्हणून ८५ लावला होता. आता अंतरपाट दूर होणार, म्हणून ३५ चढवायला तो काढला, आणि नेमकं तेव्हाच ‘सावधान’. मिररलेस बॉडी, म्हणजे लेन्समागे आरसा नाही, लेन्स काढली की फोटो टिपणारा सेन्सर उघडा, आणि वरून कुंकवाच्या अक्षता. तांदूळ ब्लोअरने उडाला, कुंकू राहिलं. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी सगळं १.८-२ला काढलं, त्यामुळे काही दिसलं नाही. मग व्याह्यांचे ग्रुप फोटो घेतले एफ ८ला, आणि लेन्सचं छिद्र असं लहान केलं की सेन्सरवरचा कण उमटतो. घरी मोठ्या स्क्रीनवर पाहतो तर उजवीकडच्या दुसऱ्या माणसाच्या कपाळावर काळपट ठिपका. पुढच्या फोटोत आत्याबाईंच्या, त्याच्या पुढच्यात मामींच्या. माणसं बदलत होती, ठिपका जागचा हलत नव्हता. ते पुसण्यात माझ्या दोन रात्री गेल्या. अंतरपाटाचा फोटो हुकला तो वेगळाच.

झूम जड आहे. वरातीपर्यंत मान अवघडते. नवरीमागची गर्दी ८५सारखी विरघळत नाही, हेही खरं. पण कानपिळीला नवरीचा भाऊ कान धरतो तो क्षणभरच, आणि नवरदेव कळवळला की मागच्या मेहुण्या हसतात. झूमवर मनगट फिरवलं की कानही मिळतो आणि मेहुण्याही. आणि मुख्य म्हणजे सकाळी बसवलेली लेन्स संध्याकाळपर्यंत उघडावी लागत नाही.

दुसरी बॉडी हाताशी असेल, भाड्याने का होईना, तर प्राइमच घ्या. मी आड येणार नाही. फक्त दोन्हींची घड्याळं आधी जुळवा, नाहीतर अल्बम लावताना मंगळसूत्र अंतरपाटाच्या आधी येतं. नोंदणी पद्धतीचं किंवा घरगुती लग्न असेल तर एकटा ३५सुद्धा पुरेल. प्रत्येकाची पद्धत निराळी, तुम्हाला लेन्स बदलणं माझ्यापेक्षा चपळाईने जमतही असेल. माझा ८५ मी विकलेला नाही. तो हळदीला येतो, आणि हळद उतरली की बॅगेच्या तळाशी जातो.