फोर बाय फोरची चासी ऑफ-रोडला किती टिकते? काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडी सेकंडहँड घेतलेली आहे. लॅडर फ्रेमवरचा (शिडीसारखी चासी: दोन लांब तुळया, मध्ये आडव्या दांड्या) डबल कॅब पिकअप, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), चारही चाकांना ताकद वाटणारी लो रेंजची ट्रान्सफर केस. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना कमी-जास्त प्रमाणात लागू पडतं. इंजिन, मायलेज, स्क्रीन यावर एक ओळही नाही. इतके महिने खडक, वाळू, नदीपात्र आणि मुख्य म्हणजे लाटालाटांचे कच्चे रस्ते तुडवल्यावर गाडीच्या हाडांचं काय झालं, एवढंच.

आधी निकाल सांगतो. मोठ्या आपटण्यांनी काहीही मोडलं नाही. चासीचा पोटाचा भाग दगडावर घासला, क्रॉस मेंबरला (चासीच्या आडव्या दांडीला) पोचा आला, खालचं गार्ड वाकलं. तडे गेले ते भलत्याच ठिकाणी आणि भलत्याच रस्त्यांवर: जिथे गाडी न थांबता, कंटाळवाण्या एका वेगात तासन्‌तास थरथरत होती.

याचं गणित सोपं आहे. कच्च्या रस्त्यावरच्या दोन लाटांमधलं अंतर साधारण ६० सेंटिमीटर धरा आणि वेग ताशी ६० किलोमीटर. म्हणजे एका तासात प्रत्येक चाकाला १ लाख ठोके, सेकंदाला जवळपास २८. खडकाळ चढावर दिवसभर झटलात तरी एवढे हेलकावे बसत नाहीत. लोखंड एका मोठ्या दणक्याने क्वचितच हरतं. पुन्हापुन्हा बसणाऱ्या मध्यम ताणाने हरतं. ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने १८५० आणि १८६० च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवून दिलं, आणि आपल्या चासीलाही तोच नियम आहे. त्यातही वेल्डिंगचे जोड जास्त हळवे. तिथे ताण पाव पटीने वाढला की आयुष्य अंदाजे निम्म्यावर येतं, आणि दुप्पट झाला की आठव्या हिश्श्यावर. ‘आमची चासी हाय टेन्साइल स्टीलची आहे’ असं विकणारे सांगतात तेव्हा हेही लक्षात असू द्या: पोलाद भारी असलं म्हणून वेल्डचं थकव्याचं आयुष्य (किती ठोके खाऊन तडा जातो ते) त्या प्रमाणात वाढत नाही.

पहिली चीर मागच्या शॉकअपच्या वरच्या ब्रॅकेटवर सापडली. सापडली तीही धुताना. ब्रॅकेट जिथे चासीला वेल्ड केलाय, तिथे टाक्याच्या अगदी कडेला, रंगावर नखाएवढी तांबूस रेघ. बाकी ब्रॅकेट काळा कुळकुळीत आणि तेवढ्याच ठिकाणी गंजाचा पाझर. हात फिरवला तर काहीच लागत नव्हतं. वेल्डमध्ये नव्हे, वेल्डच्या कडेला चीर येणं हे नेहमीचंच: तिथे आकार अचानक बदलतो, उष्णतेने धातूचा पोत बदललेला असतो, आणि थंड होताना अडकून राहिलेला ताणही तिथेच असतो. शॉकअप तापून ढिला पडला की चाकाची उडी बंप स्टॉपपर्यंत (आस चासीवर आपटू नये म्हणून लावलेल्या रबरी ठोकळ्यापर्यंत) जाते आणि सगळा मार ब्रॅकेटवर येतो. माझ्या गाडीत एका बाजूचा बंप स्टॉप रबर निघून नुसता लोखंडी कप राहिला होता. चीर त्याच बाजूला. हा योगायोग नसावा.

दुसरी जागा जास्त काळजीची: स्टीअरिंग बॉक्स चासीला जिथे बोल्टने बसतो ती. मोठे टायर लावले की प्रत्येक दगडाचा उलटा झटका बॉक्समार्फत चासीच्या त्या छोट्याशा पत्र्यावर येतो. माझ्याकडे लक्षण म्हणून एवढंच होतं, की स्टीअरिंगला किंचित जास्त खेळ जाणवत होता आणि टाय रॉडचे (चाकं वळवणाऱ्या दांडीचे) बॉल जॉइंट तर घट्ट होते. एकाला स्टीअरिंग डावी-उजवी हलवायला लावून मी बॉनेट उघडून बघत बसलो, तेव्हा बॉक्ससोबत चासीचा पत्राही श्वास घेतल्यासारखा हलताना दिसला. पत्रा हलतो म्हणजे चीर आहे, एवढं समजून पुढे चला. गाडीतली बाकी कुठलीही चीर एखादा आठवडा थांबू शकते, ही नाही.

तिसरी, बॅटरीच्या ट्रेखालचा आतला मडगार्ड. पातळ पत्रा, त्यावर जड बॅटरी, वर आधीच्या मालकाने बसवलेली दुसरी बॅटरी. हे तुटणारच होतं. पट्टी मारली, विषय संपला.

आता मागचा भाग. आधीच्या मालकाने जाड लोखंडी बंपर, त्यावर दोन स्टेपन्यांचं हँगर आणि शेपूट खाली बसू नये म्हणून पाट्यांना मदतीला एअरबॅग (चासी आणि आसाच्या मध्ये बसणाऱ्या हवेच्या रबरी पिशव्या) लावल्या होत्या. समजा मागच्या आसाच्या १.२ मीटर मागे १०० किलो लटकवले आणि व्हीलबेस ३ मीटर आहे. मागच्या आसावर १४० किलोचा भार येतो आणि पुढचा आस ४० किलोने हलका होतो. हा उभ्या गाडीचा हिशोब. खड्ड्यात आपटताना तोच भार क्षणभर दोन-तीन पट होतो आणि चासी आसावर टेकवून खाली वाकवायला बघतो. पाटे निदान हा भार पुढच्या हँगरला आणि मागच्या शॅकलला (पाट्याची दोन टोकं चासीला जिथे अडकवतात तिथे), असा दोन जागी वाटून देतात. एअरबॅग मात्र बरोबर मधोमध, आसाच्या डोक्यावर, चासीला वर ढकलते. खाली वाकवणारं ओझं मागे, वर ढकलणारा टेकू मध्ये. डबल कॅबच्या चासी कॅबच्या मागे वाकलेल्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच अशाच. शेपूट वर आली म्हणजे वजन उचलण्याची क्षमता वाढली, हा गैरसमज बॅगवाले फारसा दूर करत नाहीत. मी बॅग काढल्या आणि पाट्यांचा सेट बदलला. कॅब आणि मागच्या सामानाच्या ट्रेमधली फट वर आणि खाली सारखी आहे का, हे तेव्हापासून दर वेळी टेपने मोजतो. वरची फट वाढत गेली तर चासी मागे झुकतेय, सरळ हिशोब. दरवाजा एकाएकी घासायला लागणं, पुढची काच दगड न लागताही खालच्या कोपऱ्यातून तडकणं, हीसुद्धा त्याच घराण्यातली लक्षणं.

चीर शोधायला डाय पेनिट्रंटचे (चिरेत झिरपून ती दाखवणाऱ्या रंगाचे) तीन डबे मिळतात, ते घ्याच. रंग पूर्ण काढायचा, पण ग्राइंडर दाबून फिरवायचा नाही. धातू चोपडला जाऊन चिरेचं तोंडच बुजतं. तारेचा ब्रश आणि पेंट रिमूव्हर बरा. मग क्लीनर, वाळू द्यायचं, लाल डाय मारून दहा ते वीस मिनिटं थांबायचं. पुसताना क्लीनर फडक्यावर घ्यायचा, थेट लोखंडावर फवारलात तर चिरेतली डायही धुऊन निघते. शेवटी पांढरा डेव्हलपर. माझ्या शॉकअप ब्रॅकेटवर पांढऱ्यातून लाल रेघ उमटली ती डोळ्यांना दिसलेल्या रेघेच्या दुप्पट लांब होती, आणि तिचं एक टोक ब्रॅकेट सोडून चासीच्या पत्र्यात शिरलेलं.

दुरुस्तीबाबत दोन मिस्त्र्यांची मतं घेतली. पहिला म्हणाला, वरून १० एमएमची पट्टी ठोकून देतो, हत्ती उभा करा. नको म्हटलं. लॅडर फ्रेम थोडी पिळवटली जावी म्हणूनच तशी बनवलेली असते. एका जागी ती दगडासारखी ताठ केली की पीळ पट्टीच्या कडेला गोळा होतो आणि पुढची चीर तिथून निघते. दुसऱ्याने चिरेच्या टोकाला भोक पाडून तिची वाट थांबवली, मग इंग्रजी व्हीसारखी खाच करून आरपार वेल्ड भरलं, घासून सपाट केलं आणि मूळ पत्र्याच्याच जाडीची, टोकं निमुळती केलेली पट्टी लावली. चासीला आडवा, सरळ टाका कुठेही नाही, वरच्या-खालच्या फ्लँजच्या (तुळईच्या आडव्या पट्ट्यांच्या) कडेला तर अजिबात नाही. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी त्याने स्वतःहून काढल्या, तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला.

वापरात काय बदललं? लाटांच्या रस्त्यावर टायरची हवा ३५ वरून २५ पीएसआयच्या आसपास आणतो आणि वेगही उतरवतो; डांबरी लागलं की परत भरतो. अधूनमधून थांबून शॉकअपला हाताची पाठ लावून बघतो, चटका बसला तर चहाची वेळ झाली. छतावरच्या कॅरिअरवर फक्त हलकं सामान, कारण ऑफ-रोडसाठी छताची मर्यादा कंपन्या रस्त्यापेक्षा कमी देतात आणि ती तळटीप कुणी वाचत नाही. चिखलातून आल्यावर चासीच्या पोकळीत पाण्याचा पाइप घालून निचऱ्याची भोकं मोकळी होईपर्यंत धुतो. आत साचलेला चिखल ओल धरतो, गंजाने खळगे पडतात, आणि प्रत्येक खळगा ही नव्या चिरेची तयार जागा.

सेकंडहँड घेणार असाल तर चकचकीत काळं अंडरकोटिंग केलेली चासी बघून खूश होऊ नका. ताज्या कोटिंगखाली काय झाकलंय ते कळत नाही. धुळकट, जुना रंग असलेली चासी परवडली, तिच्यावर गंजाची रेघ तरी दिसते.

गाडी ठेवतोय. दुरुस्त केलेल्या दोन्ही जागा अजून कोरड्या आणि स्वच्छ आहेत, स्टीअरिंग बॉक्सखालच्या जोडपट्टीचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासले तर हललेले नाहीत. मागचा लोखंडी बंपर विकायचा आहे, गिऱ्हाईक मिळेना. तोवर एक स्टेपनी घरी आणि दुसरी ट्रेमध्ये कॅबच्या पाठीला उभी बांधलेली, त्यामुळे आतल्या आरशात फक्त टायर दिसतो.