ठिबकच्या तक्रारी चार ओळींत: 'मेक'चे माझे पाच महिने

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की आमच्या ठिबकच्या दुकानातला फोन खाली ठेवायला मिळत नाही. आम्ही नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात. फिल्टर तुंबला, १६ एमएमची लॅटरल फुटली, व्हेंचुरी (पाण्यात खत ओढून सोडणारा भाग) खत ओढत नाही, असे दिवसाला तीसेक फोन. फोन घेणाऱ्या आम्ही तिघी आणि दुरुस्तीला जाणारी पाच पोरं, ती दिवसभर रानात. पूर्वी तक्रार वहीत लिहायची, मग पोरांना फोन लावून सांगायची. "ताई, नक्की कुठला व्हॉल्व्ह म्हणाले?" या प्रश्नानं संध्याकाळपर्यंत डोकं उठायचं.

म्हणून 'मेक' घेतलं. ही वेगवेगळी अ‍ॅप एकमेकांना जोडून कामं आपोआप करणारी ऑनलाइन सेवा. पूर्वी त्याला इंटिग्रोमॅट म्हणायचे, २०२२ मध्ये नाव बदललं. कोडची एकही ओळ लिहावी लागत नाही. पडद्यावर गोल मांडायचे आणि जोडत जायचं. आमचे चार गोल आहेत: पहिला गूगल ड्राइव्हच्या फोल्डरवर नजर ठेवतो, दुसरा फोनवरचं बोलणं लिहून आलेली फाइल उचलतो, तिसरा ती चॅटजीपीटीला देऊन चार ओळींचा सारांश घेतो, चौथा तो सारांश स्लॅकवर, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या चॅट अ‍ॅपवर टाकतो. मला दोन संध्याकाळी लागल्या. कुठे अडलं तर तो गोल उघडून आत काय आलं आणि बाहेर काय गेलं ते जसंच्या तसं बघता येतं. मला हे सगळ्यात आवडलं.

पैशाचा हिशेब मात्र आधी करा. फुकट प्लॅनमध्ये महिन्याला १,००० क्रेडिट मिळतात आणि गोल एकदा चालला की साधारण एक क्रेडिट जातं. फोल्डरमध्ये नवं काही नसलं तरी नुसतं डोकावण्याचंही क्रेडिट कापलं जातं. दर १५ मिनिटांनी दहा तास म्हणजे दिवसाला ४०, महिन्याच्या २६ दिवसांत १,०४०. एकही सारांश न होता कोटा संपला! आम्ही १०,००० क्रेडिटचा, पैसे भरून मिळणारा कोअर प्लॅन घेतला, त्यात आमचं आरामात भागतं. चॅटजीपीटीचं बिल वेगळं येतं, ते विसरू नका. दिवसाला सात-आठच फोन असतील आणि तासातून एकदा डोकावणं चालणार असेल, तर फुकटातही जमेल.

आता ज्यानं मला खरा त्रास झाला ते सांगते. फोनवरचं बोलणं लिहून देणारी सेवा वेगळ्या कंपनीची आहे, तिचं नाव घेत नाही. एका बागाईतदारांनी सांगितलं होतं, "व्हेंचुरी बदलू नका, आधी फिल्टर उघडून बघा." लिहून आलं "बदलू का". सारांशात झालं, 'ग्राहकाला व्हेंचुरी बदलून हवी.' पोरगा नवी व्हेंचुरी घेऊन गेला, बसवून आला, आणि फिल्टर तसाच तुंबलेला. ऐन छाटणीनंतर दोन दिवस त्या बागेला खत गेलं नाही. मला फार वाईट वाटलं, मी स्वतः फोन करून माफी मागितली.

तेव्हापासून सारांशाखाली पाचवी ओळ सक्तीची केली: ग्राहकाचं मूळ वाक्य, एक शब्दही न बदलता, आणि शेजारी रेकॉर्डिंगची लिंक. 'व्हेंचुरी बदलू का' हे वाक्य दिसलं असतं तर आमच्या पोरांनी तिथल्या तिथे ओळखलं असतं. ग्राहक असं विचारत नाही. चॅटजीपीटीला दिलेल्या सूचनेत आमचे शब्दही घातले: सबमेन, ग्रोमेट, एंड कॅप, सँड फिल्टर. अर्थ लागत नसेल तर अंदाज न करता 'खात्री करा' लिही, असंही सांगितलं. चुका बऱ्याच कमी झाल्या.

आणखी दोन गोष्टी. स्लॅकवर ठळक अक्षरांसाठी शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकच तारा लागतो, चॅटजीपीटी दोन-दोन टाकतं. मग गावाचं नाव ताऱ्यांत अडकून दिसतं. मेकमधल्या 'रिप्लेस'नं (एका मजकुराच्या जागी दुसरा घालायची सोय) ते सुटतं, वेगळा गोलही लागत नाही. त्याच 'रिप्लेस'नं मी सलग दहा अंक दिसले की पुसते, म्हणजे शेतकऱ्याचा मोबाईल नंबर बाहेर जात नाही. नंबर पोरांना आमच्या नोंदवहीतून मिळतो. लोक विश्वासानं फोन करतात, एवढं करायलाच हवं.

मेकला माझ्याकडून पाचपैकी चार. बसवणार असाल तर पहिले पंधरा दिवस रोज पाच रेकॉर्डिंग सारांश समोर धरून ऐका. बागाईतदारांचं ते वाक्य मी तसं ऐकलं असतं तर पोरगा निघण्याआधीच थांबवता आला असता.