चित्रालेख-स्तंभालेखाची सरावपुस्तिका : चौथीच्या वर्गात वापरून

पुण्याला गेले की अप्पा बळवंत चौकात फेरी होतेच. जूनमध्ये तिथे ही 48 पानांची सरावपुस्तिका 70 रुपयांना मिळाली. आमची जिल्हा परिषदेची शाळा, चौथीत 23 मुलं. आधी एकच प्रत आणली होती, मग प्रत्येकाला एक घेतली.

मला सर्वांत आवडली ती सुरुवात. पहिल्या दहा पानांत एकही आलेख नाही. मुलांनी आधी स्वतः माहिती गोळा करायची. आम्ही डब्यात कोणी काय आणलं ते मोजलं. ताळ्याच्या खुणा (प्रत्येकासाठी एक रेघ, पाच रेघांचा एक गठ्ठा) करताना दरवर्षीप्रमाणे काहींनी पाच उभ्या रेघा मारून वर तिरकी ओढली, म्हणजे गठ्ठा सहाचा झाला. पुस्तिकेत याच्यासाठी जुडीचं चित्र आहे : चार काड्या आणि त्यांना बांधणारी पाचवी. मी इतकी वर्षं तोंडाने सांगत होते, ते त्या चित्राने एका तासात झालं.

भाकरी 9, चपाती 8, भात 4, पोहे 2. मग चित्रालेख, म्हणजे संख्या चित्रांनी दाखवायची. प्रमाण घेतलं एक डबा म्हणजे 2 मुलं. भाकरीच्या ओळीत साडेचार डबे आले आणि एकीने विचारलं, "बाई, अर्धं मूल कसं असेल?" मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आलं, "अर्धा डबा म्हणजे एक मूल गं!" मुलं चित्रं मोजतात आणि प्रमाण वाचायचं विसरतात, हीच खरी अडचण असते. इथे प्रत्येक आलेखाखाली प्रमाण ठळक चौकटीत आहे. शिवाय दोन ओळी मोकळ्या, मुलांनी स्वतः प्रश्न तयार करायला. "सर्वांत जास्त काय?" सगळेच लिहितात. "भातापेक्षा भाकरी कितीने जास्त?" असं लिहिणाऱ्याला आलेख कळलेला असतो.

पान 31 मात्र दुरुस्त व्हायलाच हवं. आवडत्या फळांच्या स्तंभालेखात उभ्या अक्षावरचे आकडे शून्याऐवजी 20 पासून सुरू होतात. आंबा 22, केळी 26. स्तंभ दिसतात दोन चौकटींचा आणि सहा चौकटींचा, म्हणून अर्ध्या वर्गाने केळी तिप्पट सांगितली. मुलांची यात काहीच चूक नाही, त्यांनी उंची पाहिली. आम्ही चौकटीच्या वहीत तोच आलेख शून्यापासून काढला, तेव्हा दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे आले. पान 19 वर कलिंगडाचं चित्र मोठं आणि बोराचं इवलंसं, तिथेही चित्रांच्या आकारामुळे तसाच घोळ होतो.

कागद जाड आहे, स्केचपेन मागे उमटत नाही. सहावीला स्तंभालेखाचा वेगळा पाठ असतो, त्याआधी तिसरी-चौथीत ही पुस्तिका जरूर घ्या. पान 31 आधी फळ्यावर शून्यापासून काढून दाखवा. प्रकाशकांना मी पत्र पाठवलं आहे, सोबत मुलांनी काढलेले दोन्ही आलेख जोडले आहेत.