लव्हाळा "मुळासकट" काढायची गॅरंटी घेतली आणि लॉनच गेलं

ज्यांच्या सोसायटीत लॉन आहे त्यांनी प्लीज वाचा, पावसाळ्याच्या तोंडावर लव्हाळ्यासारखं तण काढून देतो म्हणत अशी माणसं फिरतात. आमचे 14,500 गेले.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, बिल्डिंगमागे साधारण 900 स्क्वेअर फुटांचं लॉन आहे. मागच्या जूनमध्ये दोन-चार पाऊस पडले आणि लॉनमधून चकचकीत हिरवी पाती वर आली, कटर फिरवला की चार दिवसांत परत तीच. नेहमीचा माळी पेरणीला गावी गेलेला. तेवढ्यात एक जण गेटवर आला, टी-शर्टवर गार्डन सर्व्हिस छापलेलं, मोबाईलमध्ये ढीगभर फोटो. म्हणाला मॅडम मुळासकट काढतो, वर्षाची गॅरंटी, निम्मे आधी निम्मे काम झाल्यावर. मी सेक्रेटरी, मला वाटलं निम्मे आपल्या हातात आहेत म्हणजे काळजी नाही.

दोन पोरं आली, खुरपी घेऊन दिवसभर खरवडलं, संध्याकाळी लॉन असं स्वच्छ की मी स्वतः फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि उरलेले पैसे यूपीआय केले. स्क्रीनवर नाव भलत्याचंच आलं, विचारलं तर म्हणे भावाचं अकाउंट. तिथे थांबायला हवं होतं, नाही थांबले.

सहाव्या दिवशी पाती परत हजर, आणि आधीपेक्षा दाट. आमचे वॉचमन काका जुन्नरकडचे, घरची शेती आहे. त्यांनी एक दांडी माझ्या हातात दिली, म्हणाले ताई बोटात फिरवून बघा. गवताची दांडी गोल किंवा चपटी लागते, ही चक्क तीन धारांची होती. लव्हाळा. मग त्यांनी वीतभर खणून दाखवलं, खाली काळ्या-तपकिरी गाठी, दोऱ्यात ओवल्यासारख्या एकीला एक जोडलेल्या. वरून ओढलं की दोरा तुटतो, गाठ खाली राहते आणि तिला नवा कोंब येतो. म्हणजे त्या पोरांनी फक्त वरचा पाला उडवला होता, आणि तो चार-पाच दिवस दिसत नाही तेवढ्यात पैसे घ्यायचे, एवढाच सगळा धंदा.

फोन केला तर माणूस आला की हो! त्यामुळेच मी दुसऱ्यांदा फसले. "गॅरंटी आहे ना मॅडम, औषध फुकट मारतो." उघडीप बघून पंपाने मारलं, औषध पाण्याच्या जुन्या बाटलीतून ओतलं, लेबल नाही काही नाही. तासाभरात मुलं तिथे फुटबॉल खेळत होती, आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दहा-बारा दिवसांत आख्खं लॉन पेंढ्यासारखं पिवळं पडलं. आणि त्या पिवळ्यातून लव्हाळा वर! बहुतेक ग्लायफोसेट हे तणनाशक असावं, ते गवत आणि तण असा भेद करत नाही, आणि खाली झोपलेल्या गाठींपर्यंत पोचतंच असंही नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढून ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच वापरायचं असं केलं, हे मला नंतर वाचून कळलं. तो मात्र म्हणाला फंगस लागलंय, लॉनचं नवीन कार्पेट टाकू, 45 रुपये फूट. म्हणजे 40,500! मी बाटलीवरचं नाव आणि बिल मागितलं, त्या दिवसापासून फोन बंद.

आता आम्ही काय करतो ते सांगते. घोळ, आंबुशी, एकदांडी, दुधी ही रुंद पानांची मंडळी ओल्या मातीतून हाताने निघतात, फक्त बी धरायच्या आत काढायची. केना तुटला तर त्याच्या तुकड्यालाही मूळ फुटतं, म्हणून उपटून तिथेच टाकायचा नाही. लव्हाळ्याला मात्र खुरपी नको, खुरप्याने गाठी तुटून पसरतात. टिकावाने ढेकूळ उचलायचं, गाठी वेचायच्या, पंधरा दिवसांनी परत. कंटाळवाणं आहे, पण एका फटक्यात होतं म्हणणाऱ्याला गेटवरूनच परत पाठवा. निवडक तणंच मारणारं हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हे औषध मिळतं, पण लायसन्सवाल्या दुकानातून, सीलबंद, बिलासकट घ्या, आपल्या जातीच्या लॉनवर चालतं का ते विचारा, आणि पाती सुकायला दोन-तीन आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी रिझल्ट दाखवणारा खोटं बोलतोय. आणि पैशांचं म्हणाल तर निम्मे नाही, मोठा हिस्सा महिनाभराने द्या, लव्हाळा तोवर स्वतःच सांगतो काम झालं की नाही.

सप्टेंबरपर्यंत तीन बादल्या गाठी निघाल्या. काका म्हणाले ताई वाळवून ठेवा, नागरमोथाच आहे हा, दिवाळीला उटण्यात चालेल. पण त्यावर काय मारलं होतं ते अजून आम्हाला माहीत नाही, म्हणून तिन्ही बादल्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या.