रांधून दाखवायचं, की रांधायला लावायचं?

स्वयंपाकघरातल्या वस्तू विकण्यासाठी गट जमवून डेमो घ्यायचा, इथपर्यंत सगळ्यांचं ठरलेलं असतं. त्या दिवशी हात कोणाचे चालणार, हे मात्र पुष्कळदा निमंत्रणं गेल्यावर ठरतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. एका पद्धतीत विकणारी व्यक्ती ओट्यापाशी उभी राहते. तीच चिरते, परतते, बोलते. बाकीचे बसून बघतात आणि शेवटी चाखतात. दुसऱ्या पद्धतीत ती बाजूला होते आणि सुरी, किसणी, पॅन पाहुण्यांच्या हातात जातात. नाव दोन्हींना डेमोच. तयारी, सामान, जोखीम आणि ऑर्डर कशी येते, या सगळ्यांत मात्र दोन्हींत पुष्कळ अंतर आहे.

माझा कल आधीच सांगून टाकते. वस्तूचा गुण लांबून दिसत असेल तर दाखवा, हाताला कळत असेल तर हातात द्या. माणसांची संख्या, जागा, वेळ यांचा विचार त्यानंतरचा. बहुतेक जण याच्या उलट जातात: आधी हॉल ठरवतात, वीसजणांना बोलावतात आणि मग पिशवीत काय न्यायचं ते बघतात.

या धंद्यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण टपरवेअरचं. अर्ल टपर यांचे प्लास्टिकचे डबे 1946 पासून बाजारात होते, पण दुकानात ते फारसे खपत नव्हते. झाकण हवाबंद बसवायचं तर मध्यभागी दाबून, कड किंचित उचलून आतली हवा बाहेर काढावी लागे, आणि फळीवर ठेवलेला डबा हे सांगू शकत नव्हता. घरोघरच्या बैठकींत तो विकला जाऊ लागला. ब्राउनी वाइज या विक्रेतीने त्या पद्धतीला आकार दिला आणि 1951 मध्ये कंपनीने दुकानांतली विक्री थांबवून सगळा भर या बैठकींवर टाकला. वाइज पातळ पदार्थाने भरलेला बंद डबा खोलीत सरळ फेकायच्या. झाकण निघायचं नाही. हा झाला बघण्याचा डेमो, आणि त्याला तोड नाही. पण डबा घरी नेणाऱ्या बाईला झाकण स्वतःला लावता यायला हवं होतं, आणि ते बघून येत नाही. त्यासाठी डबा हातातच द्यावा लागतो. एकाच वस्तूचे दोन गुण, आणि त्यांना दोन वेगळ्या रीती लागल्या.

कोणती वस्तू कुठे बसते

सुरीपासून सुरू करू. चार हातांवरून चांगली सुरी आणि बरी सुरी सारखीच दिसते. सराव असलेला हात बोथट सुरीनेसुद्धा कांदा सुरेख चिरतो आणि बघणारा मनात म्हणतो, ‘त्यांना जमतंय, मला कुठे जमणार.’ म्हणजे कौतुक झालं ते विकणाऱ्याचं, सुरीचं नाही. तीच सुरी पाहुण्याने धरली की मूठ हातात बसते का, वजन पुढे जातं की मागे, टोमॅटोच्या सालीत धार न दाबता उतरते का, हे अर्ध्या मिनिटात कळतं. सालकाढणं, किसणी, डबे उघडायचं हत्यार, लाटणं, मोजायचे चमचे ही सगळी हाताची माणसं. यांचा बसून बघायचा डेमो मला वेळेचा अपव्यय वाटतो.

नॉनस्टिक पॅनचं उलटं. तेलाचा थेंब न घालता अंडं पॅनमध्ये सरकताना सगळ्या खोलीला दिसतं, त्यासाठी कोणी पॅन धरायची गरज नसते. शिवाय पाहुण्याच्या हातात शेगडीचं बटण गेलं की ते बहुधा पूर्ण वर जातं. रिकामं नॉनस्टिक भांडं मोठ्या आचेवर थोड्याच मिनिटांत भलतं तापतं, आणि साधारण 260 अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा लेप खराब व्हायला लागतो. विकायला आणलेल्या पॅनची ही जाहिरात नको. ते तुम्हीच तापवा, मध्यम आचेवर, आणि आच मध्यम का ठेवली तेही बोलता बोलता सांगा.

बिडाची भांडी अधेमधे येतात. ती उष्णता कशी धरून ठेवतात हे दाखवता येतं, पण घेणाऱ्याचा खरा प्रश्न वजनाचा असतो. भरलेलं भांडं आपल्या मनगटाला पेलणार का? ते थंड असताना, आत पाणी घालून, प्रत्येकाला एकदा उचलू द्या. दोघी-तिघी ‘नको बाई’ म्हणून बाजूला होतील. होऊ द्या. घेऊन आठवड्याने परत करण्यापेक्षा ते बरं.

प्रेशर कुकर चढवणं, वाफ सोडणं ही कामं तुमची. झाकण लावणं, गॅस्केट काढून पुन्हा बसवणं ही मात्र पाहुण्यांची, आणि तीही कुकर थंड असताना. फूड प्रोसेसरचंही तसंच. पातं फिरताना बघायला सगळ्यांना मजा येते, म्हणून विक्रेते तेवढंच दाखवतात. पण घरी गेल्यावर तो कपाटात पडून राहतो तो जोडण्या-धुण्याच्या कंटाळ्याने. भांडं बसवायचं, झाकण फिरवून लॉक करायचं, पातं काढायचं, कोपऱ्यात अडकलेलं पीठ खरवडायचं, हे पाहुण्यांकडून करवून घेणारा विक्रेता विरळा. तुमचं यंत्र याबाबतीत खरंच सोपं असेल, तर हाच तुमचा सर्वांत चांगला डेमो. नसेल, तर ते फक्त दाखवा. पण मग कोणी धुण्याविषयी विचारलं की खरं उत्तर द्या.

इंडक्शनवर चालणारी भांडी विकत असाल, तर खिशात एक लोहचुंबक ठेवा. तळाला चुंबक घट्ट चिकटलं की भांडं इंडक्शनवर चालणारं. हा एक मिनिटाचा खेळ दोन्ही पद्धतींत चालतो.

माणसं, टेबलं, प्लग

बघण्याच्या डेमोला मर्यादा असते ती नजरेची. ओटा सगळ्यांना दिसला आणि आवाज मागपर्यंत पोचला, की पंधरा काय, पंचवीस माणसंही चालतात. सामान एकच संच. तुम्ही एकटे असलात तरी निभतं, फक्त जिन्नस आधी चिरून, मोजून वाट्यांत ठेवायचे, आणि ज्याला शिजायला किंवा मुरायला वेळ लागतो त्याची तयार झालेली एक प्रत हाताशी ठेवायची. पाऊण तासात सगळं आटोपतं.

हातांनी करायच्या डेमोत हेच गणित फुगतं. एका टेबलाशी तीन-चार माणसं, त्यापेक्षा जास्त झाली की एक करतो आणि बाकीचे गप्पा मारतात. प्रत्येक टेबलाला वस्तूंचा वेगळा संच, म्हणजे विकायच्या मालातले तीन-चार संच नमुन्यात अडकले. धार असलेल्या वस्तू अशा वापराने लवकर बोथट होतात आणि बोथट नमुना हातात देण्यापेक्षा न दिलेला बरा. एका माणसाने आठ जणांच्या हातांवर नजर ठेवावी, त्यापुढे नाही. बारा जण बोलावले असतील तर जोडीला दुसरं माणूस हवं, आणि ते विकणारं नसलं तरी चालेल, स्वयंपाक येणारं मात्र हवं. वेळ दीड ते दोन तास. शिवाय हात धुण्याची रांग कोणीच हिशेबात धरत नाही: साबण लावून नीट हात धुवायला वीस सेकंद, येणं-जाणं वेगळं, आणि नळ एकच. बारा जणांना दहा मिनिटं सहज लागतात, आणि मधे कच्च्या मांसाला किंवा अंड्याला हात लागला तर पुन्हा एकदा.

विजेचा हिशेब तर आदल्या दिवशीच करायचा. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर खेचते. अशा दोन शेगड्या एका साध्या एक्स्टेंशन बोर्डावर लावल्या की एक तर वीज जाते, नाहीतर वायर तापते. तीन टेबलांवर तीन शेगड्या हव्या असतील, तर त्या भिंतीतल्या वेगवेगळ्या सर्किटवरच्या प्लगांत लावता येतात का ते घरमालकाला विचारून घ्या. जमत नसेल तर टेबलांवर फक्त चिरणं, किसणं, मळणं ठेवा आणि शिजवणं एकाच शेगडीवर तुम्ही करा.

पाककृती निवडतानाही फरक पडतो. तुम्ही एकटेच करणार असाल तर नाजूक पाक, फुगणारं काहीतरी, अगदी नेमक्या क्षणी उतरवायचं असं काहीही चालेल. त्यात नाट्य असतं. पाहुणे करणार असतील तर असा एकही क्षण नको. प्रत्येकाचा काप वेगळ्या जाडीचा होणार आणि कोणीतरी मीठ दोनदा घालणार. चुका पोटात घेणारा पदार्थ निवडा आणि त्यात विकायच्या तीन-चार वस्तू आपोआप वापरल्या जातील असं बघा.

जोखीम

नवी सुरी लोकांच्या घरच्या सुरीपेक्षा धारदार असते आणि गप्पा चालू असतात, म्हणून हातांनी करायच्या डेमोत कापण्याची शक्यता खरी आहे. बोटांची टोकं आत वळवून भाजी कशी धरायची हे आधी दोन मिनिटं दाखवा. काप करायच्या स्लायसरला बोटं वाचवणारी पकड येते, ती लावल्याशिवाय कोणाच्या हातात देऊ नका. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं, बर्फ नाही. तेलाने पेट घेतला तर आच बंद करून झाकण, पाणी कधीच नाही. बघण्याच्या डेमोत या गोष्टी तुम्हाला एकट्यालाच सांभाळायच्या असतात, इथे सगळ्यांसाठी.

शिजलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, हे दोन्हीकडे लागू. लांबलेल्या डेमोत ते जास्त विसरलं जातं. कोणाला कशाची ॲलर्जी आहे का, हे निमंत्रण देतानाच विचारा. एकच चॉपिंग बोर्ड चार हातांतून फिरला, की कशाचा अंश कशात गेला ते सांगता येत नाही.

आणि विक्री?

हातात घेतलेली वस्तू आपलीशी वाटू लागते, हे जोआन पेक आणि सुझान शू यांनी 2009 च्या संशोधनात मांडलं: नुसत्या स्पर्शानेही मालकीची भावना वाढते. म्हणून करून बघायच्या डेमोत वस्तू सुटता सुटत नाही. पण विक्रीचं सगळं श्रेय स्पर्शाला देऊ नये. घरगुती बैठकींवर फ्रेंझन आणि डेव्हिस यांनी 1990 मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं, की पाहुणा काही घेणार की नाही हे यजमानाशी असलेल्या नात्यावर बरंच अवलंबून असतं. म्हणजे लोक कढई घेत नाहीत, मैत्रिणीचं मन राखतात. अशी ऑर्डर दोन दिवसांनी डळमळते. घरी येऊन किंवा दुकानाबाहेर झालेल्या विक्रीसाठी युरोपीय संघात 14 दिवस आणि अमेरिकेत ठरावीक रकमेवरच्या खरेदीला 3 कामकाजाचे दिवस माघारीची मुभा आहे, ती असल्याच भिडेखातर झालेल्या खरेदीसाठी.

इथे मला हातांनी करायची पद्धत उजवी वाटते, आणि कारण जरा उलटं आहे. तिच्यात ‘नाही’ म्हणायला खरं कारण मिळतं: मूठ मोठी आहे, भांडं जड आहे, मला एवढं किसावं लागतच नाही. ज्यांना ते कारण सापडत नाही त्यांची ऑर्डर पक्की असते. बघण्याच्या डेमोत एका दिवशी कागदावर जास्त नावं येतील. त्यातली किती टिकतात हे महिन्याने मोजा.

एक अडचण मात्र ध्यानात ठेवा. बघण्याच्या डेमोचा शेवट चाखण्यात होतो, सगळे एकाच वेळी तृप्त असतात, आणि ऑर्डरचा कागद तेव्हाच फिरवता येतो. करून बघायच्या डेमोत शेवटी सगळ्यांचे हात ओले, टेबलं बरबटलेली, कोणी धुतंय, कोणी पिशवी शोधतंय. तो क्षण विरून जातो. म्हणून किमतीचं कार्ड पहिल्यापासून प्रत्येक वस्तूशेजारी ठेवा आणि पदार्थ शिजत असताना, हात रिकामे असताना, ऑर्डरविषयी बोला. सगळं झाल्यावर नको. घर यजमानाचं असेल तर आवरायला तुम्ही थांबणार आहात हे आधी सांगा आणि खरोखर थांबा. बरबटलेला ओटा मागे सोडून गेलेल्या विक्रेत्याला त्या ओळखीतून पुढचं घर मिळत नाही.

ऑनलाइन डेमो मी या तुलनेत फारसा धरत नाही. तिथे फक्त डोळे असतात, चवही नसते. विकलेली वस्तू कशी वापरायची हे नंतर शिकवायला तो उत्तम.

मधला मार्ग म्हणून पुष्कळ जण एका पाहुण्याला पुढे बोलावतात. त्याने हाताचा डेमो होत नाही. ती व्यक्ती सगळ्यांसमोर अवघडते किंवा गंमत करते, आणि वस्तूकडे कोणाचंच लक्ष राहत नाही. त्यापेक्षा मुख्य पदार्थ तुम्ही करा आणि बाजूच्या टेबलावर दोन सालकाढणी, एक किसणी, एक थंड कुकर ठेवून लोकांना आळीपाळीने तिथे जाऊ द्या.

पहिलीच वेळ, तुम्ही एकटे, आणि बारापेक्षा जास्त माणसं असतील, तर रांधून दाखवा. माल लहान हत्यारांचा, जोडीला एक माणूस आणि पाहुणे आठ-दहा, तर बेलाशक त्यांच्या हातात द्या. महागडं यंत्र असेल तर गटाला फक्त दाखवा आणि ज्यांना रस वाटला त्यांना एकेकट्याने पुन्हा बोलवून पूर्ण पदार्थ त्यांच्याकडून करून घ्या. काहीही ठरवलंत तरी ते निमंत्रणात स्पष्ट लिहा: स्वतः करायचं आहे, केस बांधून या, सैल बाह्या नकोत, पोटभर जेवण नसेल, चव बघण्यापुरतं मिळेल.