डिजीयात्रा: रांग वाचते, पण ‘नको’ म्हणणाऱ्याचे काय?

पुणे विमानतळावर मार्च 2023 पासून, मुंबईत त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून आणि दाबोळीला 2024 पासून डिजीयात्रा, म्हणजे ओळखपत्राऐवजी कॅमेऱ्याला चेहरा दाखवून आत जायचे ॲप, सुरू आहे. ‘चेहरा दाखवायला काय जातं?’ आणि ‘का दाखवायचा?’ हा वादही तेव्हापासूनच चालू आहे. ॲप म्हणून ते बरे आहे. पण ऐच्छिक सेवेची खरी परीक्षा तिला नकार देणाऱ्याला कसे वागवले जाते यावर व्हावी, आणि तिथे गुण कापावे लागतात.

आधी कामाचे. मोबाइल नंबर टाकून ॲप उघडायचे, डिजीलॉकरमार्फत आधार जोडायचे, सेल्फी काढायचा. आधारला चालू नंबर जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही आणि गाडी इथेच अडते. आधारवरचा फोटो फार जुना असेल तर सेल्फी जुळत नाही. चष्म्यावरची चमक आणि पाठीमागची खिडकी हेही नेहमीचे गुन्हेगार. वेब चेक-इन झाल्यावर बोर्डिंग पास ॲपमध्ये चढवायचा आणि मग तो विमानतळाला ‘शेअर’ करायचा. ही शेवटची पायरी बरेच जण विसरतात आणि ‘ॲपमध्ये तर पास दिसतोय’ म्हणत दारात खोळंबतात. प्रवेशद्वारावर पासचा कोड स्कॅन करून कॅमेऱ्याकडे पाहायचे. सुरक्षा तपासणीच्या आधीच्या फाटकावर पुन्हा चेहरा. त्यापुढची झडती आणि बॅगेचे एक्स-रे सगळ्यांना सारखेच. मोठी बॅग असेल तर काउंटरची रांगही सुटत नाही. हे सगळे फक्त देशांतर्गत प्रवासासाठी.

मराठी माणसाची खास अडचण मधल्या नावाची. आधारवर ‘सुनीता रमेश पाटील’, तिकिटावर ‘सुनीता पाटील’. ॲप आधारवरचे नाव पासवरच्या नावाशी ताडून पाहते आणि इथे बिनसते. तिकीट काढतानाच आधारवरचे इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर उतरवावे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असेल तर तेही. शिवाय पासवरच्या बारकोडमध्ये नावाला जागा 20 अक्षरांची, त्यातच आडनाव आणि नावामधली तिरकी रेघ धरलेली. इंग्रजीत लिहिलेला ‘देशपांडे/चंद्रशेखर’ 24 अक्षरांचा होतो, म्हणजे शेपूट तुटणारच. अशा नावाच्या माणसाने ॲपवर भिस्त ठेवून उशिरा निघू नये.

आता खासगीपणाचे. ओळखपत्राची माहिती तुमच्याच फोनमध्ये राहते, विमानतळाला ती त्या प्रवासापुरती जाते आणि उड्डाणानंतर 24 तासांत पुसली जाते, असे सांगितले जाते. रचना म्हणून हे चांगले आहे. पण धोरणात एक खिडकी उघडी आहे: सुरक्षेच्या गरजेनुसार पुसण्याची मुदत बदलता येते आणि प्रचलित पद्धतीनुसार सुरक्षा यंत्रणांना माहिती देता येते. चालवणारी संस्था, डिजीयात्रा फाउंडेशन, ही 2019 मध्ये स्थापन झालेली ना-नफा कंपनी. तिची मूळ भागीदारी अशी: विमानतळ प्राधिकरणाचा वाटा 26 टक्के, उरलेले 74 टक्के दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद आणि कोची विमानतळांच्या कंपन्यांकडे. आपण माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही, अशी तिची भूमिका. चेहरा नागरिकांचा, योजना सरकारच्या धोरणातली, आणि प्रश्न विचारायला दार बंद. हे पटण्यासारखे नाही.

संमती कशाला म्हणायचे हे वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा, 2023 स्पष्ट सांगतो. कलम 6 नुसार संमती मोकळी, नेमकी, माहितीपूर्ण आणि बिनशर्त हवी. ती देणे जितके सोपे, तितकेच काढून घेणेही. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय हवी, म्हणजे मराठीतही. या तरतुदी लागू व्हायला नोव्हेंबर 2025 च्या नियमांनी 18 महिन्यांची मुदत दिली आहे. तोवर कोणी थांबायला सांगितलेले नाही, पण इंग्रजी अटींखाली न वाचता ‘मान्य’ दाबणाऱ्या आजोबांची संमती माहितीपूर्ण कशी मानायची?

नकाराची सोय दारात बघावी. डिजीयात्रेच्या फाटकांवर माणसे उभी आणि ओळखपत्राच्या रांगेला एकच जवान, अशी मांडणी असली की ‘ऐच्छिक’ हा शब्द कागदावरच राहतो. कर्मचाऱ्याने हातातला पास घेऊन कॅमेऱ्यासमोर उभे केले, तर त्याच क्षणी सांगावे: डिजीयात्रा नको, ओळखपत्र दाखवतो. कारण द्यायची गरज नाही. नोंदणी करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती फोन तर देऊच नये. ओटीपी त्यावरच येतो.

वापरणाऱ्यांनीही मूळ ओळखपत्र खिशात ठेवावे. फाटकाने दोनदा नाकारले की तिसऱ्यांदा प्रयत्न न करता साध्या रांगेत जावे. सोबत कुटुंब असेल तर प्रत्येकाचा पास ॲपमधून वेगळा शेअर झालेला लागतो; चौघांत एकाचा राहिला तर तिघे आत जाऊन त्याची वाट बघणार. आणि एकटा, हातात छोटी बॅग, आधार-तिकिटाचे नाव एकसारखे, सकाळी सहाचे पुणे–दिल्ली: याच प्रवाशाला ॲपचा पुरेपूर फायदा मिळतो.