पो आणि जॅक्सन: भीती दोन वाटांनी

अमेरिकी लेखक एडगर ॲलन पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’ या कथेत (1843) खुनीच निवेदक आहे. आपण वेडे नाही, हे तो पहिल्याच परिच्छेदापासून पटवू पाहतो आणि तिथेच आपला विश्वास उडतो. तुटक वाक्यं, डॅश, एकाच शब्दाची पुनरुक्ती यांमुळे वाचकाचाही श्वास चढतो.

अमेरिकी लेखिका शर्ली जॅक्सनच्या ‘द लॉटरी’ या कथेत (1948) निवेदन तटस्थ, तृतीयपुरुषी. 27 जूनची प्रसन्न सकाळ, खिशात दगड भरणारी मुलं. हे दगड दुसऱ्याच परिच्छेदात येतात, पण खेळ समजून आपण पुढे जातो; ते कशासाठी, हे शेवटीच कळतं. म्हणून ही कथा दोनदा वाचावीच. मला जॅक्सनचं तंत्र अधिक अवघड वाटतं: निवेदकाने एकदा जरी हळहळ व्यक्त केली असती, तरी शेवटचा धक्का बोथट झाला असता.